मॅडम हसल्या नाहीत

सकाळचा उजेड त्या स्वयंपाकघरात एकदम कधी शिरत नसे. आधी तो समोरच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीपाशी रेंगाळे, तिच्या काळ्या पोटावर एक करडी रेघ ओढी, आणि मग, बोलावणे आले आहे की नाही याची खात्री नसलेल्या पाहुण्यासारखा खिडकीच्या गजांपाशी येऊन थांबे. गजांतून तो ओट्यावर उतरे. ओट्यावर पालथी घातलेली भांडी असत. त्यांच्या कडा एकेक करून उजळत. नळाच्या तोंडाशी अडकलेला थेंब क्षणभर काचेचा होई आणि गळून पडे. मग उजेड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खालच्या कोपऱ्याला लागे, तिथून खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या टॉवेलाला, आणि सर्वांत शेवटी टेबलाला. टेबलावरचे मेणकापड मधोमध झिजून पांढुरके झाले होते. तिथवर पोहोचलेला उजेड दुधावरल्या सायीसारखा हलके पसरत जाई, आणि त्या पसरलेल्या उजेडात आईचे हात येऊन टेकत.

तोवर त्या घरात कोणी काही बोलत नसे. आईला जन्मापासून ऐकू येत नव्हते. तिचे बोलणे हातांचे, आणि हातांचे बोलणे दिसायला उजेड लागतो. इतर घरांत माणसे अंथरुणात पडल्या पडल्या, डोळे मिटून भांडू शकतात. या घरात भांडायचे म्हटले तरी आधी उठून दिवा लावावा लागे. त्यामुळे गवयाच्या मुलाला सुरांची असावी तशी तिच्या मुलाला उजेडाची पारख होती. कोणत्या खोलीत कोणत्या वेळी कुठे बसले असता समोरच्याची बोटे स्पष्ट दिसतील, हे त्याला न पाहता सांगता आले असते.

त्या सकाळी आईचे हात टेबलावर आले ते थेट मुद्द्यावरच आले.

"निळा शर्ट घाल. पांढऱ्यात तू आजारी दिसतोस."

"मॅडम शर्ट बघायला बोलवत नाहीयेत," त्याने हातांनीच उत्तर दिले.

"शर्ट कोणीच बघायला बोलवत नाही. बघतात मात्र सगळे."

तो पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या विद्यापीठाचा परदेशातील एका विद्यापीठाशी करार होता. दरवर्षी इथला एक विद्यार्थी तिकडे एका सत्रासाठी शिकायला जाई. या वर्षी त्याची निवड झाली होती. आज पालकांची भेट होती. ती झाली की परदेश विभागाच्या मॅडम नाव कायम करून तिकडे कळवणार होत्या.

तयारी म्हणावी तर घरात सगळी झाली होती, आणि ती सगळी आईने केली होती. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम करी. तिथल्या सोबतिणीला तिने दवाखान्यात बरोबर येण्यासाठी आधीच पटवून ठेवले होते. दाराच्या घंटीला जोडलेला दिवा, जो घंटी वाजली की पेटे, तो तिने नवा बसवून घेतला होता. फोनवर समोरासमोर बोलायचे तर दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा करायची तिने सवय केली होती, आणि तिच्या बहिणीशी, म्हणजे त्याच्या मावशीशी, ती रोज तसा सराव करी. एकदा डबा कलंडून फोन साखरेत पडला, तेव्हा दोघी बहिणी पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोट धरून हसल्या होत्या.

त्याची तयारी निराळी होती. तिकडे ज्याच्याबरोबर खोली मिळणार होती त्या मुलाने हसऱ्या चेहऱ्याचा एक छोटा व्हिडिओ पाठवला होता. उत्तरादाखल त्याने स्वतःचा एक काढला, पुसला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला, आणि शेवटी काहीच पाठवले नाही. तिकडच्या कार्यालयाने ओळखीसाठी फोन लावला तेव्हा आपला आवाज घशातच राहिला, हे कळताच त्याने फोन बंद केला आणि नेट गेले होते असे कळवून टाकले. याविषयी घरात तो काही बोलला नव्हता.

एक गोष्ट मात्र विलक्षण होती. आईच्या वतीने बोलायचे असले की तोच आवाज ठणठणीत फुटे. लहानपणापासून बँकेत, दवाखान्यात, वीज कार्यालयात तो तिचा आवाज होता. तिच्या हातांचे तो जसेच्या तसे बोले, "मी सकाळीच आले होते", "मी अशी परत जाणार नाही", आणि खिडकीमागची माणसे मुलाच्या तोंडची ती बायकी वाक्ये ऐकून आधी हसत आणि मग काम करून देत. त्या वाक्यांच्या आडोशाला उभे राहून त्याने भल्याभल्यांशी वाद घातले होते. स्वतःसाठी मात्र त्याला हॉटेलात पाणीही मागवत नसे. वेटरचे लक्ष जाईपर्यंत तो रिकामा ग्लास पुढे सरकवत राही.

मॅडमच्या खोलीत खिडकी पूर्वेला होती. बसताना त्याने सवयीने आईची खुर्ची थोडी वळवली, म्हणजे तिच्या हातांवर उजेड पडेल. मॅडम मध्यम वयाच्या, बोलक्या. टेबलावर चष्मा काढून ठेवायच्या आणि बोलताना पुन्हा शोधायच्या.

"यांच्या चष्म्याची डावी काच ढिली आहे," आईचे हात टेबलाखाली म्हणाले. "सांगू?"

"नको."

"आपटली तर फुटेल."

"आई, नको."

मॅडम त्याच्याकडे वळल्या. "आईंना विचार, त्यांना माहिती आहे ना सगळी?"

"तुम्ही त्यांच्याकडे बघूनच बोला, मॅडम. मी सांगतो त्यांना."

हे वाक्य तो इतक्या ठिकाणी बोलला होता, की ते म्हणताना त्याचा आवाज खोल, मोठ्या माणसासारखा येई. मॅडमना ते आवडलेले दिसले. त्यांनी प्रवासाविषयी सांगितले, वसतिगृहाविषयी सांगितले, तिकडच्या थंडीविषयी सांगितले. तो हातांनी आईला सांगत गेला, आई मान डोलावत गेली. शेवटी मॅडम जरा पुढे झुकल्या आणि सरळ आईच्या डोळ्यांत पाहत त्यांनी विचारले, "आणि तुमचं काय? एवढे महिने घरी एकट्याच असाल. काही अडचण तर नाही ना?"

त्याने विचारले. आईचे हात उचलले गेले, आणि त्यांच्या उचलण्यावरूनच त्याला कळले की विनोद येतो आहे.

"अडचण मला कसली? अडचण तिकडच्या लोकांना. दूध उतू घालवण्यात याचा हात कोणी धरणार नाही. त्यांना म्हणावं, गॅस जपा. खुशाल घेऊन जा, फक्त परत पाठवा."

मॅडम त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. आई मॅडमच्या तोंडाकडे पाहत होती.

"आई म्हणते," तो म्हणाला, आणि मग ते शब्द आले. त्यांना कुठेही अडखळावे लागले नाही. "मला एकटीला नाही जमणार. मी एकटी नाही राहू शकत. याच्याशिवाय माझं कोण आहे?"

आईच्या भाषेत विनोद करणाऱ्याला थोडे थांबावे लागते. आधी हात, मग मुलाचा आवाज, मग समोरचा चेहरा. हसू तिथवर पोहोचायला वेळ लागतो, आणि ते पोहोचेपर्यंत स्वतःचे हसू ओठांत धरून बसावे लागते. आईने जन्मभर हे केले होते. आताही ती अर्धे हसू धरून बसली. मॅडमचा चेहरा बदलला. भुवया वर गेल्या, ओठ मिटले, डोळे ओलसर झाले. त्यांनी टेबलावरून हात लांबवला आणि आईच्या हातावर ठेवला.

आईने त्या हाताकडे पाहिले. मग मुलाकडे.

"मी समजू शकते," मॅडम म्हणाल्या. "घाई नाही करायची. उद्या दुपारपर्यंत घरी नीट बोला. पण उद्या मला कळवावंच लागेल. नाहीतर पुढच्या मुलीला विचारते, तीही वाट बघतेय बिचारी." आणि त्याच्याकडे वळून, "आईचा विचार करतोस, चांगलं आहे."

घरी परतताना आईने हातातली पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. रस्त्यावर खणलेल्या खड्ड्यांपाशी, फळांच्या गाड्यांपाशी, दुकानांच्या फळ्यांपाशी, जिथे एरवी तिचे हात क्षणभर स्वस्थ नसत, तिथेही तिने ती पिशवी सोडली नाही. ऐकणाऱ्या माणसांनी तोंड मिटावे, तसे हे होते. तो तिच्या शेजारून चालत होता आणि मनात वाक्ये जुळवत होता. ती म्हणाली नाही, पण तिच्या मनात तेच असणार. ती कधी सांगत नाही. कोणीतरी तिच्यासाठी ते सांगायलाच हवे होते. दुभाष्याने नुसते शब्द उचलायचे नसतात, शब्दांमागचेही पोहोचवायचे असते. वाक्ये चांगली होती. चांगली होती म्हणूनच बहुधा त्याला ती पुन्हा पुन्हा जुळवावी लागत होती.

घरात मावशी येऊन बसली होती. मधोमध तिची मोठी बॅग उघडी पडली होती, आणि त्यात ती त्याचे स्वेटर कोंबत होती.

"आलात? चाकं जरा कुरकुरतात हिची, पण तुला काय, तुझ्या आईला ऐकू जायचं नाही." बहिणीशी हातांनी बोलतानाही मावशीचे तोंड चालूच असे; दोन्हीकडून एकच बातमी देण्यात ती काटकसर करत नसे. "काय म्हणाल्या मॅडम? झालं पक्कं?"

"त्याला विचार," आईचे हात म्हणाले.

"बघू," तो म्हणाला. "उद्यापर्यंत वेळ दिलाय. आईचं कसं होईल, ते जरा..."

"आईचं काय व्हायचंय? तुझे बाबा गेले तेव्हा तू ढोपराएवढा होतास. तेव्हा काय तू चालवत होतास का घर?" मावशीने एक स्वेटर झटकला. "उलट तू गेलास की तिचे हात जरा विसावतील. दिवसभर तुझ्याशी बडबड, बडबड. मुक्याचं घर म्हणे. एवढं बोलकं घर या गल्लीत दुसरं नाही."

आई हसली नाही. ती टेबलाशी बसली, उजेड होता तिथे, आणि तिने त्याला समोर बसायची खूण केली.

"मॅडम हसल्या का नाहीत?"

त्याने बॅगेकडे पाहिले. आईने टेबलावर बोट आपटले; माझ्याकडे पाहा, असा त्याचा अर्थ.

"त्यांना विनोद कळला नसेल," तो हातांनी म्हणाला.

"दूध उतू जातं. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"सगळ्यांनाच हसू येतं असं नाही."

"त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं." आईचे हात सावकाश चालत होते. ती चिडली की ते भरभर चालत; आज ते एकेक शब्द जागेवर ठेवत होते, काच फ्रेममध्ये बसवावी तसा. "उतू गेलेल्या दुधासाठी कोणी रडत नाही."

त्याच वेळी त्याचा फोन वाजला. विभागातले सर होते, ज्यांनी त्याची शिफारस केली होती. मॅडमनी त्यांना सांगितलेले दिसत होते. "अरे, एवढी मोठी संधी, पण तू आईसाठी थांबायचा विचार करतोयस," सर म्हणत होते. "वर्गात मी तुझं उदाहरण देणार आहे. अशी मुलं राहिली नाहीत आता. शाबास." तो "हो सर, हो सर" म्हणत राहिला. त्याचे कान तापले, मग मान, मग सगळा चेहरा. अपमान सोसताना माणूस निदान मनातल्या मनात उलट बोलू शकतो. या कौतुकापुढे त्याच्याजवळ काहीच नव्हते. शिवाय दरवेळी कौतुकाच्या त्या दुसऱ्या टोकाला आई उभी होती, मुलाला न सोडणारी, असहाय, रडवेली बाई, जी या घरात कधी राहतच नव्हती.

"कोण?" आईने विचारले.

"सर."

"काय म्हणाले?"

आजवर फोनवरचा प्रत्येक शब्द त्याने तिला सांगितला होता. चुकून लागलेल्या फोनवरचा सुद्धा. "शाबास म्हणाले."

"कशाबद्दल?"

त्याने फोन खिशात घातला. आई उठली आणि तिने मावशीच्या खांद्याला स्पर्श करून तिला आपल्याकडे वळवले.

"उद्या सकाळी तू माझ्याबरोबर चल. मॅडमशी बोलायचंय."

"मी? अगं, हा असताना मी कशाला?" मावशी मोठ्याने म्हणाली. "माझ्या तोंडून एकाचे दहा होतात, तुलाच माहीत आहे."

"दहा होऊ देत," आईचे हात म्हणाले. "मुळातला एक माझा असला म्हणजे झालं."

मावशीने तिच्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले, आणि बॅगेचे झाकण लावले. त्याला काढून टाकल्याचे कोणी म्हटले नव्हते. पण दुकानातून हिशेब न करता घरी पाठवलेल्या नोकरासारखा तो आपल्या खोलीत गेला आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिला. आपल्याला आजवर कोणी इतक्या सभ्यपणे लाजवले नव्हते, असे त्याला वाटले. आणि मग वाटले की लाजवले कोणीच नव्हते, ती नुसती दुसऱ्या माणसाला बरोबर नेत होती.

दुसऱ्या दिवशी तोही गेला. कोणी बोलावले नव्हते आणि कोणी नको म्हटले नाही. मॅडमच्या टेबलासमोर दोनच खुर्च्या होत्या. त्यांवर दोघी बहिणी बसल्या. तो मागे, भिंतीजवळच्या बाकावर बसला. आईची खुर्ची आज कोणी वळवली नव्हती. ती तिने स्वतः वळवली.

"ही काय म्हणते," मावशीने सुरुवात केली, "की हिला काही म्हणजे काही अडचण नाही. दुकानात चार माणसं आहेत, मी आहे, मी तर काय, सारखी असतेच, माझे पाय घरी टिकतच नाहीत, असं आमचे हे म्हणतात..."

आईने तिच्या गुडघ्यावर चापट मारली. "ते मी कुठे म्हटलं?"

"ते मी माझं सांगितलं."

आईचे हात पुन्हा उचलले गेले. मागून त्याला तिचे फक्त कोपर आणि खांदे दिसत होते, पण तेवढ्यावरूनही त्याला वाचता आले. "ही म्हणते," मावशी आधीच हसू लागली होती, "घरात कपाट एकच. त्यात सगळे याचेच कपडे, जे हा घालत नाही ते सुद्धा. हिचे बिचारीचे खुर्चीवर. म्हणते, एकदाचा जाऊ दे, म्हणजे माझ्या कपड्यांना घर मिळेल. आणि परत आला तर त्याने खुर्चीवर राहावं."

मॅडम हसल्या. चष्मा हातात होता, तो टेबलावर ठेवून, मान मागे टाकून हसल्या. आईचे खांदे सैल झाले. ते हसू योग्य वेळी, योग्य चेहऱ्यावर पोहोचले होते, आणि ते कुठून निघून कुठवर आले हे तिने सगळे पाहिले होते. मागच्या बाकावर त्याला वाटले की खोलीतला उजेड फार आहे.

हसता हसता मॅडम थांबल्या. त्यांची नजर आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे आली. "पण काल तर तुम्ही..."

आईने मावशीकडे पाहिले. मावशीने प्रश्न हातांनी सांगितला. मग आईचे हात हलले, थोडके, छातीशी.

"ही म्हणते," मावशीच्या कपाळावर आठी आली, कारण कालचे तिला ठाऊक नव्हते, "काल ती घाबरली. आईचं मन म्हणते. घरी जाऊन विचार केला, मन बदललं. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल माफ करा, म्हणते."

"अहो, माफी कसली! एवढं मन मोठं करायचं म्हणजे सोपं नाही." मॅडमनी पेन उचलले आणि त्याला पुढे यायची खूण केली. "मग? करू नाव कायम?"

तो उठून टेबलापाशी आला. दोघी बहिणी त्याच्याकडे पाहत होत्या. आईच्या चेहऱ्यावर काही नव्हते. राग नव्हता, कालची आठवणही करून दिलेली नव्हती. तिने दार उघडून धरले होते आणि स्वतः बाजूला सरली होती.

"हो," तो म्हणाला. "करा."

मॅडमनी संगणकावर काही टिचक्या मारल्या. "झालं. कळवलं तिकडे." मावशीने आनंदाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. आईने पिशवी खांद्याला अडकवली. खुर्च्या मागे सरल्या. सगळे संपले होते आणि सगळे ठीक झाले होते; आता फक्त बाहेर पडायचे होते. मॅडम आईचा हात हातात घेऊन म्हणत होत्या, "आईची माया अशीच असते. आधी पाय मागेच ओढते." आणि आई, जिला हे कोणी सांगितले नव्हते, अंदाजाने मान डोलावत होती, परक्या माणसांपुढे ती नेहमी डोलावते तशी, समजूतदारपणे, आपला गुन्हा कबूल असल्यासारखी.

"मॅडम," तो म्हणाला.

आवाज बारीक आला, फाटका, त्याच्या ओळखीचा नसलेला. कोणाच्याही हातांमागून तो येत नव्हता. मॅडमनी वर पाहिले. तो आईकडे वळला, म्हणजे तिलाही दिसेल, आणि तोंडाने बोलता बोलता त्याचे हातही तेच बोलू लागले. "राहू दे," आईचे हात पटकन म्हणाले, "झालं ना आता, राहू दे." त्याने मान हलवली.

"आई काल तसं म्हणालीच नव्हती. ती हसत होती. तुम्हाला जे सांगितलं ते माझं होतं." तो थांबला. मावशीचे तोंड उघडे राहिले होते. पुढचे वाक्य लहान होते, आणि ते त्याने आजवर मनातसुद्धा उच्चारले नव्हते.

"आई नाही, मी घाबरलो होतो."